कोवळ्या मानेवरचं जू

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होतो. पण राग निवल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. राग काही निवत नाही, तेव्हा आता लिहूनच टाकतो.

तर बातमी अशी की आमच्या चिरंजीवांनी फुटबॉलची अकॅडमी सोडली. म्हणजे आम्ही सोडवली. नातेवाइकांत ही बातमी नेहमीप्रमाणे आमच्याआधी पोचली. ओतूरच्या आत्याचा फोन आला, "काय रे, पोराच्या पायाला काय झालं?" ठाण्याचा मावसभाऊ म्हणाला, "फी जास्त होती का? मला सांगायचं ना." आणि अकॅडमीच्या पालकांच्या ग्रुपवर मी 'निगेटिव्ह माणूस' म्हणून जाहीर झालो आहे. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच इथे सांगतो. पाय ठणठणीत आहे. फी जास्त होती, पण ते कारण नाही.

कारण असं आहे. दहा-बारा वर्षांच्या पोरांतून 'एलिट' निवडायचा जो उद्योग आपल्या शहरांत जोरात चाललाय, तो खेळ नाही आणि खेळाडू घडवणंही नाही. तो आई-बापांच्या हौसेला आणि भीतीला लावलेला मीटर आहे. हे मी बाहेरून बघून म्हणत नाही. पाच वर्षं मी स्वतः त्या मीटरचे पैसे भरले आहेत, आणि खोटं कशाला बोला, आनंदाने भरले आहेत.

सुरुवात अगदी साधी होती. आम्ही मोशीत राहतो. पोरगा साडेसहा वर्षांचा असताना सोसायटीतली चार मुलं जात होती, म्हणून हाही जायला लागला. आठवड्यातून तीन दिवस, महिना अठराशे रुपये. शंकू मांडलेले असायचे, पोरं त्यांच्यामधून चेंडू घेऊन पळायची, पडायची, हसायची, घरी येऊन दोन पोळ्या जास्त खायची. तेवढंच राहिलं असतं तर मी आज त्या लोकांचं कौतुक लिहिलं असतं.

दोन वर्षांनी 'बॅचेस' पडल्या. एक 'डेव्हलपमेंट', एक 'एलिट'. एलिटची फी अडतीसशे, आठवड्यातून पाच दिवस. "तुमच्या मुलामध्ये स्पार्क आहे," असं आम्हाला सांगण्यात आलं. मंडळी, हे वाक्य ऐकल्यावर ज्याचा खिसा आपोआप उघडत नाही असा बाप मला दाखवा! मी त्या रात्री झोपलो नाही. पुढे कळलं की एलिटमधल्या बत्तीसच्या बत्तीस पोरांत स्पार्क होता आणि बत्तीसही बापांना तो एकाच आठवड्यात सांगण्यात आला होता.

मग एलिटमध्ये 'ए टीम' आणि 'बी टीम'. मग स्पर्धा. मग होम किट, अवे किट आणि ट्रॅव्हल किट. मग गवताच्या मैदानाचे बूट वेगळे आणि टर्फचे वेगळे. आमच्या हिने परवा बसून पाच वर्षांचा हिशेब काढला. फी एक लाख ऐंशी हजार. सहा स्पर्धांचे प्रवास, राहणं, प्रवेश फी मिळून सहासष्ट हजार. बूट, किट, शिनगार्ड वगैरे चौतीस हजार. एकूण दोन लाख ऐंशी हजार. याच पाच वर्षांत नाना, म्हणजे माझे वडील, मढला गोठ्यावर नवीन पत्रे टाकायचे म्हणत होते आणि मी दर दिवाळीला "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत होतो. हिशेब लिहिताना ही काही बोलली नाही. कागदाच्या खाली फक्त 'पत्रे' असा एक शब्द लिहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

पण मी पैशांवरून भांडत नाहीये. आता मेमधली गोष्ट सांगतो.

मेमध्ये परराज्यात एक मोठी स्पर्धा होती. त्याच दिवसांत आमच्या गावची यात्रा. पोराला यात्रेला जायचं होतं, मी नेलं स्पर्धेला. "यात्रा दरवर्षी येते, अशी एक्स्पोजरची संधी येत नाही," हे माझे शब्द. तीन दिवसांत पाच सामने. पारा चाळिशीला टेकलेला. पाच सामन्यांत मिळून आमचा पोरगा खेळला किती? चौदा मिनिटं. घड्याळ लावून मोजलीत मी. चौदा मिनिटांसाठी साडेसोळा हजार रुपये आणि बाराशे किलोमीटरचा प्रवास. आणि त्या चौदा मिनिटांत मी काय केलं? रेषेवर उभा राहून ओरडलो. "पास दे! मागे बघ! अरे धाव ना!" शेजारी दुसरे बाप ओरडत होते, ते आपापल्या पोरांना वेगळंच काही सांगत होते, आणि कोच तिसरंच. तिसऱ्या सामन्यात त्याच्या पायातून चेंडू निसटला आणि गोल झाला. त्याने पहिल्यांदा कुणाकडे बघितलं असेल? माझ्याकडे. आणि मी मान फिरवली.

हे लिहायला मला त्रास होतोय, पण लिहिलं नाही तर बाकीचं सगळं लिहिण्याचा मला हक्क नाही.

स्पर्धा संपल्यावर पुढच्या आठवड्यात मढला गेलो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कल्याणकडून माळशेज घाट चढून वर आलात की खुबी फाटा लागतो, उजव्या-डाव्या हाताला पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी दिसत राहतं, आणि थोडं पुढे आमचं मढ. पावसाळ्यात इथे मुंबई-पुण्याची गर्दी धबधबे बघायला लोटते. मे महिन्यात मात्र कुणी फिरकत नाही. धरणाचं पाणी खाली गेलेलं असतं आणि मागे मोकळी, भेगाळलेली, सपाट जमीन उरते. तिथे गावातली पोरं संध्याकाळी खेळतात. क्रिकेट जास्त, पण आमचा पोरगा चेंडू घेऊन गेला म्हणून फुटबॉल. दोन-दोन दगडांचे गोल. कुणी अनवाणी, कुणी चपलेत, वयं सात ते सतरा.

मला वाटलं होतं की आता पोरगं खुलेल. सिनेमात दाखवतात तसं. तसं काही झालं नाही. तो चांगला खेळत होता, सगळ्यांपेक्षा सफाईने. पण प्रत्येक पास दिला की तो थांबायचा आणि बाजूला बघायचा. तिथे नाना आणि मी बांधावर बसलो होतो. चेंडू अडवला की बघायचा. चुकला की बघायचा. गोल मारला तेव्हा गावची पोरं ओरडत त्याच्याकडे धावली, आणि हा आमच्याकडे बघत उभा! शेवटी एक पोरगा वैतागून म्हणाला, "आरं कुणाकडं बघतो सारखा? हिकडं बघ की!"

नाना शांतपणे सगळं बघत होते. नानांबद्दल एक सांगायला हवं. त्यांचा पंचवीस वर्षं बैलगाडा होता. जुन्नर, आंबेगाव, खेड या आमच्या भागात गाडा म्हणजे काय हे सांगायला नको. घाटात बारी सुटली की शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे उभे राहतात. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या तेव्हा नानांनी महिनाभर कुणाशी धड बोलणं केलं नव्हतं आणि मग बैल विकून टाकले. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदाही मान्य केला, पण नानांनी परत गाडा केला नाही. असो. तर हे नाना मला म्हणाले,

"खोंडाला दात आल्याबिगर आपुन गाड्याला जुपीत नाय. मान धरती त्याची, जल्माची. तू पोराला कितव्या वर्षी जुपला?"

मी काहीतरी बोललो, की नाना हे वेगळं आहे, सायंटिफिक आहे, कोचकडे लायसन्स आहे वगैरे.

"आसंल," नाना म्हणाले. "पन बैल जितला का नाव मालकाचं पुकारत्यात, येवढं ध्यानात ठेव. बैलाला पेंडच."

परतीच्या रस्त्यात मी नारायणगावपर्यंत एक शब्द बोललो नाही.

आता मुद्द्याचं. मी घरी येऊन जरा शोधाशोध केली, आणि जे कळत गेलं ते आधीच का शोधलं नाही याची लाज वाटली.

पहिली गोष्ट जन्मतारखेची. जूनमध्ये १३ वर्षांखालच्या ए टीमची सोळा जणांची यादी लागली. आमचं नाव नव्हतं. मी यादीतल्या पोरांचे वाढदिवस काढले (ग्रुपवर दर वर्षी केकचे फोटो पडतात, अवघड नाही). सोळापैकी नऊ जानेवारी ते मार्चमधले. चार एप्रिल ते जून. दोन जुलै ते सप्टेंबर. वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांतला एकच, आणि तो माझ्या खांद्याला लागतो. आमचा पोरगा १९ नोव्हेंबरचा. या खेळात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीतला पोरगा आणि आमचा एकाच गटात, पण मध्ये साडेदहा महिन्यांचं अंतर. चाळिशीत साडेदहा महिने म्हणजे काही नाही. अकराव्या वर्षी म्हणजे चार बोटं उंची आणि पाच किलो वजन. मोठा पोरगा 'टॅलेंटेड' ठरतो, त्याला जास्त सराव मिळतो, चांगला कोच मिळतो, आणि तो खरोखरच चांगला होतो. मग आपण म्हणतो, बघा, निवड बरोबर होती!

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. कॅनडातल्या आइस हॉकीबद्दल रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये हेच दाखवून दिलं होतं, आणि नंतर देशोदेशीच्या फुटबॉलमध्येही तेच सापडलं. चाळीस वर्षं झाली. ज्या अकॅडमीच्या माहितीपत्रकात 'सायंटिफिक' हा शब्द सहा वेळा आहे, तिथे कुणालाच हे ठाऊक नसेल?

आमच्या मढला एक बरं आहे. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट टाकलेली तारीख. तिथे कुणी जन्मतारखेवरून हुशारी ठरवायला गेलं तर अख्खं गाव एकाच वेळी एलिट व्हायचं!

दुसरी गोष्ट 'पाथवे'ची. हा शब्द प्रत्येक पालक सभेत येतो. पडद्यावर एक जिना दाखवतात, खाली आपलं पोर, वर निळ्या जर्सीतला खेळाडू. मी कधी विचारलंच नाही की वरच्या पायऱ्या आहेत का. पुण्याचंच बघा. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, २००९-१० च्या आय-लीगमध्ये तिसरा आला, चांगली युवा अकॅडमी उभी केली, आणि २०१५ मध्ये थांबला. भारत एफसी २०१४-१५ चा एकच मोसम आय-लीग खेळला आणि संपला. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम खेळून २०१७ नंतर आय-लीगमधून बाहेर. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला, २०१९ मध्ये बंद झाला, त्याची जागा हैदराबादने घेतली. तो हैदराबादचा संघ पुढे आयएसएल जिंकलासुद्धा, पण २०२५ मध्ये तोही दिल्लीला हलला. एका शहरात दहा-बारा वर्षांत चार व्यावसायिक क्लब आले आणि चारही गेले. २०२५ मध्ये तर देशाची सर्वोच्च लीगच करारांच्या घोळात महिनोन्महिने अडकून पडली होती.

म्हणजे जिन्याच्या वरच्या पायऱ्या एकेक करून निखळत होत्या, आणि त्याच काळात खालच्या पायरीवर उभं राहण्याची फी मात्र वाढत होती. मोठे क्लब तोट्यात जाऊन बंद पडतात आणि सात वर्षांच्या पोरांच्या अकॅडम्या गल्लोगल्ली निघतात, याचा अर्थ काय? पैसा फुटबॉलमध्ये नाही. पैसा आई-बापांच्या स्वप्नात आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. धरणाच्या मोकळ्या जमिनीवर अनवाणी खेळणारा तो पोरगा, ज्याने आमच्या चिरंजीवांना "हिकडं बघ" म्हणून सुनावलं, तो जे पळत होता ना... मी पाच वर्षं एलिट बॅच बघितली आहे, असा पळणारा एक नव्हता. त्याला कुणी कधी बघणार आहे? पुण्यातलं मैदान शंभरावर किलोमीटर लांब. महिना अडतीसशे फी. ज्याच्या घरी पावसाळ्यात आवणीला सगळी माणसं लागतात, तो पाच दिवस सराव कसा करणार? 'टॅलेंट शोधतो' म्हणणारे लोक फक्त फी भरणाऱ्यांतच शोधतात. हे म्हणजे विहिरीत पडलेली अंगठी अंगणात उजेड आहे म्हणून अंगणात शोधण्यासारखं.

खेळाडू महाराष्ट्रातूनही निघतात, नाही असं नाही. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, त्यात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. तिथे लहान पोरं भिंतीवर बसून मोठ्यांचे सामने बघत वाढतात आणि गल्लीत तेच खेळतात. अनिकेत तिथून सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि मग क्लबच्या अकॅडमीत. म्हणजे आधी गल्ली, मग गुण दिसल्यावर सरकारी आधार, आणि शेवटी क्लब. आपण उलटं करतो. आधी क्लब, मग फी, आणि गल्लीत खेळायला वेळच नाही.

आता आक्षेप. ग्रुपवर आले तेच इथेही येतील, म्हणून आधीच घेतो.

"म्हणजे स्पर्धाच नको का? पुढे आयुष्यात स्पर्धाच आहे." अहो, गावच्या पोरांतही स्पर्धा होती. एक गोल झाला की नाही यावरून त्यांची हमरीतुमरी झाली ती मी बघितली आहे. पोरांना हरणं-जिंकणं कळतं, आवडतं. नको आहे ती क्रमवारी. तू ए, तू बी, तू घरी. दहाव्या वर्षी हरलेला पोरगा उद्या परत खेळायला येतो. दहाव्या वर्षी 'बी' ठरलेला पोरगा येत नाही. आमच्या सुरुवातीच्या बॅचमधल्या अठरा पोरांपैकी आज फुटबॉल खेळणारी पाच उरली आहेत. बाकीची तेराव्या वर्षाच्या आत 'रिटायर' झाली!

"सगळ्यांना सारखं खेळवलं तर चॅम्पियन कसे होणार?" नॉर्वेचं उदाहरण घ्या. पंचावन्न लाखांच्या आसपास वस्तीचा देश, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून लहान. तिथे १९८७ पासून मुलांच्या खेळांचे नियम आहेत, आणि पुढे मुलांचे खेळातले हक्कच लिहून काढले. अकरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत गुणतक्ते आणि क्रमवारी लावायची नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांना राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत उतरवायचं नाही. एर्लिंग हालांड ब्रिने नावाच्या लहान गावात वाढला, तिथे साधारण चाळीस पोरं एकत्र शिकली, गाळणी न लावता. हा देश २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरला, १९९८ नंतर पहिल्यांदाच. मी असं म्हणत नाही की नियम केले म्हणून हालांड झाला. मी एवढंच म्हणतो, की नियमांनी त्याला अडवलं नाही. आपल्याला मात्र भीती घातली जाते, की नवव्या वर्षी ए टीममध्ये नसाल तर गाडी सुटली.

"कोच बिचारे मेहनत करतात." शंभर टक्के करतात. आमच्या पोराचे पहिले सर चोवीस वर्षांचे होते, पहाटे पाचला मैदानावर आणि रात्री दहाला घरी, आणि पगार किती हे विचारलं तर ते फक्त हसायचे. माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्यांना स्पर्धा जिंकून दाखवावी लागते, कारण जिंकलेल्या चषकाच्या फोटोवर पुढच्या वर्षीचे प्रवेश येतात. म्हणून मोठी पोरं खेळवतात आणि लहान बाकावर बसवतात. गाडा एकाचा, जू दुसऱ्याच्या मानेवर.

आणि गाड्याचा विषय निघालाच आहे तर हे ऐका. आज आमच्याकडे बैलगाडा शर्यत भरवायची तर प्रशासनाची परवानगी लागते. बैल तंदुरुस्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. चाबूक, काठी, विजेचा झटका चालत नाही. हे नियम कोर्टात वर्षानुवर्षं भांडून आले, आणि आले ते चांगलंच झालं, नानासुद्धा म्हणतात. आता सांगा, अकरा वर्षांच्या पोराला चाळीस अंशांच्या उन्हात तीन दिवसांत पाच सामन्यांसाठी नेताना आम्हाला कुणी डॉक्टरचा दाखला मागितला? नाही. रेषेवरून बारा बाप ओरडत होते, ते कुणी थांबवलं? नाही. बैलाच्या बाजूने कुणीतरी कोर्टात गेलं. पोराच्या बाजूने बोलायचं होतं तो त्याचा बाप, आणि तो तर स्वतःच चाबूक घेऊन उभा होता.

मग करायचं काय? मी काही तज्ज्ञ नाही. पण तुमच्यापैकी ज्यांची पोरं आज अशा अकॅडमीत आहेत (मला किमान चार जण ठाऊक आहेत), त्यांनी पुढच्या पालक सभेत एवढं तरी विचारावं. बारा वर्षांखालच्या प्रत्येक पोराला प्रत्येक सामन्यात निम्मा वेळ खेळायला मिळेल का? निवडलेल्या मुलांच्या जन्मतारखा महिन्यांप्रमाणे दाखवाल का? गेल्या पाच वर्षांत सोडून गेलेली पोरं किती आणि का गेली? या तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं तर खुशाल राहा. 'तुम्ही प्रोसेसवर विश्वास ठेवा' असं उत्तर आलं तर काय समजायचं ते समजा.

आणि एक प्रश्न घरी, आरशासमोर. चषक उचलताना फोटोत कुणाला यायचंय?

आता शेवटचं. हे सगळं वाचून कुणाला वाटेल की पोरगा मोकळा झाला आणि आम्ही सुखात आहोत. तसं नाही. अकॅडमी सोडायची म्हटल्यावर तो दोन दिवस रडला. त्याचे मित्र तिथे आहेत. तो मला म्हणाला, "तूच नेलंस आणि आता तूच काढतोयस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी एवढंच म्हणालो, की फुटबॉल सोडायचा नाहीये, फक्त यादी सोडायची आहे. ते त्याला पटलं असं वाटत नाही.

सध्या दर रविवारी सकाळी सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर दहा-बारा पोरं जमतात. यादीत न बसलेली तिघं आहेत, दोन मुली आहेत, आणि वॉचमनचा मुलगा आहे, जो सगळ्यांना पुरून उरतो. बाप लोकांना आत यायची बंदी आहे, हा नियम मीच केला. मी रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर बसतो, मैदानाकडे पाठ करून. परवा मध्येच गोंगाट झाला. गोल कुणी केला, झाला की नाही, काही कळलं नाही. वळून बघायची फार इच्छा झाली. बघितलं नाही. घरी येताना विचारलंही नाही. सोसायटीच्या फाटकापाशी आल्यावर तोच म्हणाला, "दोन मारले मी." आणि पुढे पळाला.

नानांच्या गोठ्यावर पत्रे पडले, हे राहिलंच सांगायचं. आवणीच्या आधी पडले. आत्या, तुला फोटो पाठवतो.